मेमधल्या तारखा मोजा, मग कॅमेऱ्याचं बघू

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: दोन वर्षं झाली, लग्नाचे, हळदीचे, बारशाचे फोटो काढतो. गेल्या सीझनला अठरा ऑर्डरी झाल्या, त्यातली बारा लग्नं. लग्नाचे १५,००० घेतो, अल्बमसकट. पतसंस्थेत नोकरी आहे. धंदा वाढवायचा तर दोन लाखांचं कर्ज काढून फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा का, इन्स्टाग्रामवर जाहिरात करावी का, आणि नोकरी कधी सोडावी?

मी चिपळूणची. वडिलांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता, तिथे डार्करूममध्ये ओले प्रिंट चिमट्याला लावण्यापासून सुरुवात झाली. लग्नाच्या ऑर्डरी स्वतःच्या नावावर घ्यायला लागून एकोणीस वर्षं झाली. म्हणजे मी सांगते ते चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यातलं. अलिबागच्या रिसॉर्टवर मुंबईची पार्टी तीन दिवसांचं लग्न करते त्याचं गणित निराळं, तिथे प्लॅनर असतो आणि त्याची माणसं ठरलेली असतात. शिवाय तुमच्या घरात आंब्याचे, काजूचे चार पैसे येतात का, हप्ता चुकला तर भरणारं दुसरं कोणी आहे का, हे मला माहीत नाही, आणि त्यावर उत्तर बरंच फिरतं.

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा मधलंच एक वाक्य मला टोचलं: "अठरा ऑर्डरी करूनही पावसाळा लागेपर्यंत हातात काही उरत नाही." खरा प्रश्न हा आहे. आधी तो सोडवू.

एक लग्न घेऊन बसा. १५,००० आले. अल्बमचं डिझाइन, प्रिंटिंग, बॅग मिळून ४,५०० गेले. लाईट धरणाऱ्या मुलाला हळद आणि लग्न मिळून १,५००. पेट्रोल ८००. पेनड्राइव्ह, एक मोठी फ्रेम, कुरिअर यांचे ७००. उरले ७,५००. आता दिवस मोजा. हळदीची अर्धी रात्र, लग्नाचा पूर्ण दिवस, फोटो निवडून रंग सुधारण्यात तीन दिवस, आणि अल्बमची पानं दाखवून "ह्यात मोठे मामा राहिले, ही आत्या दोनदा आली" हे निस्तरण्यात दीड. झाले सहा दिवस, म्हणजे रोजचे साडेबाराशे. त्यातही कॅमेऱ्याची झीज धरलेली नाही. तुमच्याकडच्यासारख्या बॉडीचं (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचं) शटर साधारण लाखभर क्लिकचं धरून चालतात. लग्नात अडीच हजार क्लिक झाले तर चाळीस लग्नांत ते सरलं. बॉडी ६०,००० ची असेल तर लग्नामागे १,५०० तिथे गेले. हातात राहिले रोजचे हजार. आमच्याकडे बरा गवंडी तेवढे घेतो, आणि त्याला स्वतःच्या विटा आणाव्या लागत नाहीत.

या हिशेबात दोन लाखांच्या कॅमेऱ्याचा हप्ता घातलात की काय होईल ते वेगळं सांगायला नको. फोटो चांगले येतील. मजुरी आणखी उतरेल.

मग अठराच्या छत्तीस ऑर्डरी करू, असं वाटतं. इथे कोकणातली अडचण येते. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पौष बरेच जण टाळतात, आणि खरी झुंबड उडते ती एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत. चाकरमान्यांना सुट्टी तेव्हाच, मुलांच्या शाळा बंद तेव्हाच, आणि पाऊस लागायच्या आत मांडव उतरवायचा असतो. माझ्या वहीत सगळ्यात भरलेल्या वर्षी चौतीस तारखा होत्या, त्यातल्या एकोणीस त्या दीड महिन्यातल्या. दाट मुहूर्ताला तुम्हाला पाच फोन येतील. घेता एकच येतो. त्यात अधिक महिना आडवा आला तर विचारूच नका. २०२६ चंच घ्या: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे मेचा मागचा अर्धा भाग लग्नांसाठी गेलाच. पंचांग आणा आणि पुढच्या सीझनचे मुहूर्त वहीत उतरवून काढा. तुमच्याकडे विकायला आहेत त्या या तारखा. त्या वाढणार नाहीत, तेव्हा एकेका तारखेचे जास्त मिळायला हवेत, आणि उरलेल्या महिन्यांत दुसरं काम हवं.

दर वाढवायचा कसा? एका रात्रीत १५ चे २५ करू नका. मी पहिल्यांदा अल्बम बाजूला काढला. फोटोंचा आणि माझ्या दिवसांचा दर वेगळा, अल्बम ज्याला हवा त्याला वेगळा, आणि त्यातही दोन प्रती, एक माहेरी एक सासरी. आधी अल्बमचा सगळा खर्च माझ्याच खिशातून जायचा. नंतर त्यावरही थोडे सुटायला लागले. दुसरं, मेमधल्या दाट मुहूर्ताचा दर आणि मार्गशीर्षातला दर एक ठेवू नका. हॉलवाला ठेवतो का? तिसरं, नातेवाइकांचं. तुमच्या बारा लग्नांतली निम्मी नात्यातली असणार, हे न सांगता कळतं. त्यांना दर कमी करू नका. दर पूर्ण लावा आणि आहेर म्हणून मोठी फ्रेम द्या. फ्रेम भिंतीवर लागते, चार माणसं विचारतात. कमी केलेला दर मात्र भावकीभर होतो, आणि पुढचा प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो.

पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइकं जातील. माझी गेली होती. एका मावशींनी तोंडावर सांगितलं, "काय गो, बाबांच्या वेळी असा दर नव्हता." नव्हताच. बाबा दोन रोलांत लग्न उरकत.

आता जाहिरातीचं. आपल्याकडे लग्न गावात होतं, पण पैसे देणारा बहुतेक वेळा मुंबईत असतो. मुलगा विरारला, मुलगी दिव्याला, लग्न आबलोलीला. फोटोग्राफर ठरवतो तो विरारचा मुलगा, पण तो विचारतो कोणाला? गावातल्या काकाला. काका विचारतो मांडववाल्याला. इन्स्टाग्रामवर फोटो असावेतच, कारण काकाने नाव सुचवल्यावर मुलगा तिथेच जाऊन बघतो. पण पैसे भरून जाहिरात केली तर ती पुण्याच्या मुलींना दिसते आणि त्या फक्त लाइक करतात. मी एकदा ५,००० घालवले, एकही तारीख ठरली नाही.

तारीख सगळ्यात आधी कळते भटजींना, मग हॉलवाल्याला, मग आचाऱ्याला. या तिघांना कमिशन द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, मी देत नाही. त्याऐवजी एक करते. लग्नाच्या सकाळी गर्दी व्हायच्या आत पाच मिनिटं मांडवाचे, पाच मिनिटं आचाऱ्याच्या मांडामांडीचे फोटो काढते. पानात वाढलेलं जेवण, केळीचे खांब, फुलांची कमान. त्याच रात्री त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला पाठवते, कोपऱ्यात माझं नाव. डेकोरेटरकडे स्वतःच्या कामाचे धड फोटो कधीच नसतात. तो ते वर्षभर गिऱ्हाइकांना दाखवत फिरतो. गावोगावच्या मंडळांचे मुंबईतले ग्रुप असतात, तिथपर्यंत ते फोटो आपोआप जातात.

आसपासच्या फोटोग्राफरांशी भांडू नका. खेड आणि संगमेश्वरकडच्या तिघांशी माझं ठरलेलं आहे: माझी तारीख भरली असेल तर मी त्यांचं नाव देते, ते माझं. त्यातूनच दुसरा शूटर मिळतो, आणि तो हवाच. अंतरपाट खाली येतो तो एक क्षण असतो. तुम्ही नवऱ्याच्या बाजूला उभे, समोर अक्षता उडतायत, भटजींचा हात मध्ये, वरती लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, त्यामुळे फ्लॅश वर मारून उपयोग नाही, सगळे चेहरे हळद लावल्यासारखे येतात. त्या क्षणी नवरीच्या चेहऱ्याकडून दुसरा कोणी असेल तरच तो फोटो मिळतो. दोन माणसांची टीम म्हटल्यावर दरही वेगळा सांगता येतो, आणि लोकांना तो पटतो, कारण फरक अल्बममध्ये दिसतो.

यावरून कॅमेऱ्याकडे येते. नवी फुल फ्रेम बॉडी आत्ता नको. आहे त्याच माउंटची, म्हणजे आहेत त्याच लेन्स बसतील अशी, दुसरी बॉडी घ्या, सेकंड हँड चालेल, पण दोन कार्डांची सोय असलेली. दोन्ही कार्डांवर फोटो एकदम लिहिले जाऊ देत. दुसरा फ्लॅश घ्या. यात तुमचे कर्जाच्या चौथ्या हिश्श्याइतके पैसे जातील. मंगलाष्टकं चालू असताना स्क्रीनवर एरर येऊन बॉडी बंद पडलेली मी अनुभवली आहे. तेव्हा पिशवीत दुसरी होती म्हणून आज या धंद्यात आहे. कर्जच काढायचं असेल तर मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचं शिशु कर्ज आहे, तेवढ्यात हे बसतं.

आणि हार्ड डिस्क. याबद्दल मी जरा जास्त बोलते, बोलू द्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझा स्टुडिओ तळमजल्यावर होता. पहाटे फोन आले, पण रस्त्यावर उतरायची सोय राहिली नव्हती. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर आत गुडघाभर चिखल, आणि टेबलाच्या खणात दोन हार्ड डिस्क, बाहेरून अगदी धडधाकट. मी त्या पुसून पिशवीत घातल्या, तांदळात ठेवल्या, पुण्याला पाठवल्या. त्यात चार लग्नं होती. तीन घरांना मी आधीच पेनड्राइव्ह दिला होता, त्यांच्याकडून फोटो परत मागून घेतले. चौथ्या घरी जाऊन सांगावं लागलं. नवरीच्या आजी एप्रिलमध्ये लग्नात बसल्या होत्या आणि जूनमध्ये वारल्या होत्या. पैसे परत केले. त्या घरासमोरून अजून जायची वेळ आली की मी दुसऱ्या बाजूला बघते.

तेव्हापासून तीन प्रती ठेवते. एक स्टुडिओत, एक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीकडे, एक क्लाउडवर. गुहागरला नेट रडतं हे माहीत आहे, सगळं वर चढणार नाही. निवडलेले दोनशे फोटो तरी त्याच रात्री चढवा. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. कार्डं स्वस्त आहेत.

कागदाचं. एक पानी करार मराठीत करा: तारीख, वेळा, किती माणसं, किती फोटो, कधी देणार, पैसे कसे. माझी पद्धत: तीस टक्के बयाणा मिळाला की तारीख वहीत, चाळीस टक्के हळदीच्या दिवशी, बाकीचे फोटो देताना. "ताई, पैसे कुठे पळून जातायत, आम्ही गावातलेच," हे ऐकावं लागतं. मी म्हणते, आचाऱ्याला तुम्ही जेवणं उठायच्या आत देता ना, मला त्याच्यासोबत द्या. लोक हसतात आणि देतात. लग्नानंतर आठवड्यात चाकरमानी मुंबईला गेला की त्या उरलेल्या पैशांसाठी तुम्हाला गौरी-गणपतीपर्यंत थांबावं लागतं, हे तुम्हालाही कळलं असेलच.

त्या करारात एक ओळ हवीच, आणि ती आपल्यातले बहुतेक जण घालत नाहीत. आपण फोटो काढला म्हणजे हक्क आपला, असं सगळे समजतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम उलट सांगतं: पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायला तिच्या घरच्यांची परवानगी आधी लेखी हवी. तशी ओळ घाला, खाली हो-नाहीचा चौकोन द्या. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं ऐका.

जीएसटीची काळजी आत्ता नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, मात्र करून टाका. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. रिसॉर्ट आणि कंपन्यांची कामं घ्याल तेव्हा तिचा उपयोग: लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की फोन उचलले जातात. ड्रोनचं मनात असेल तर २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघावा लागतो. अंजनवेलचा वीजप्रकल्प तुमच्या दाराशी आहे, तिथे अंदाजाने काही करू नका.

आता पावसाळा, जो तुम्ही प्रश्नात रिकामा धरलाय. माझी वर्षातली जवळपास तिसरा हिस्सा कमाई लग्नाबाहेरची आहे आणि त्यातली बरीचशी पावसातली. जुलैत नांगरणी स्पर्धा होतात. आयोजक फारसे पैसे देत नाहीत, पण चिखलाच्या फवाऱ्यातून झेपावलेल्या बैलजोडीचा फोटो बैलाचा मालक बघतो तेव्हा तो भाव करत नाही. एकाने स्वतःच्या लग्नाच्या फोटोपेक्षा मोठी फ्रेम करून घेतली. बायको शेजारीच उभी होती.

गणपतीत अख्खी भावकी एका घरात असते, वर्षातून तीन-चार दिवस. कोणी सुरतेहून, कोणी दिव्याहून, कोणी दुबईहून. घराण्याचा एक फोटो, ओटीवर, आजी मध्ये, पोरं पुढे. अर्धा तास लागतो. एका वाडीत सकाळी आठ घरं होतात. दर मी कमीच ठेवते, पण प्रिंट प्रत्येक कुटुंब वेगळी घेतं. गौरीला नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो, म्हणजे सुपं घेऊन गौरी पुजायचा विधी. बऱ्याच गावांत गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या तरच तो करतात, म्हणजे कधी लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांनी. ज्या घराचं लग्न तुम्ही केलंत त्यांची यादी काढा आणि श्रावणातच फोन करा. सुपं हातात घेतलेली ती मुलगी लग्नातल्यापेक्षा मोकळी दिसते, फोटो फार सुंदर येतात. मग शिमग्याची पालखी, मुंजी, साठीशांत, शाळांची स्नेहसंमेलनं, रात्रीच्या क्रिकेट स्पर्धा आहेत. होम-स्टेवाल्यांना खोल्यांचे धड फोटो हवे असतात, ते काम दिवाळीच्या आधी मागायचं.

पावसातली जपणूक एकच: लेन्स पिशवीत ठेवू नका. बुरशी महिन्याभरात धरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये. निळं सिलिका गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत वापरा.

प्रीवेडिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण समुद्र तुमच्या परसात आहे म्हणून सांगते. शूटची तारीख तिथी बघून द्या. खाडीतली माणसं भरतीची वेळ अशी काढतात: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि गुहागरला तेव्हा सुरूच्या झाडांखालची वाळूची पट्टी अरुंद होते. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-साडेअकराला, म्हणून सूर्य बुडताना ओहोटी, आणि ओल्या वाळूचा असा आरसा पसरतो की तुम्हाला काही करावंच लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या शूटरला हे ठाऊक नसतं. कासवांच्या हंगामात अंधार पडल्यावर किनाऱ्यावर लाईट लावू नका, एवढं पाळा.

तुमच्या हद्दीचाही विचार करा. धोपाव्याहून जेटीने (म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दाभोळ, तवसाळहून जयगड, म्हणजे दापोली आणि रत्नागिरी या दोन्ही बाजू तुम्हाला चिपळूणला वळसा न घालता मिळतात. मला मिळत नाहीत. दरात जेटीचं भाडं धरा आणि शेवटच्या फेरीची वेळ बघूनच वरातीचे फोटो कबूल करा.

राहिली नोकरी. दिवाळीपर्यंत जमा झालेल्या बयाण्यात जून ते सप्टेंबर असे चार महिने घर चालेल इतके पैसे सलग दोन सीझन दिसले, की सोडा. त्याआधी नको. तोवर मॅनेजरशी आत्ताच बोलून मेमधली रजा नक्की करून घ्या, कारण त्याच्याही घरी कोणाचं तरी लग्न त्याच आठवड्यात असणार. ते तुमच्याकडेच आलं तर दर पूर्ण लावा, आहेर फ्रेमचा.